लग्नसराईतलं लिनक्स

२० एप्रिल, रविवार, दुपार. कीबोर्ड उलटा करून झटकते आहे. सुरतेत कीबोर्डमधून काय पडेल सांगता येत नाही. आज बोटभर रेशमी धागा पडला, टिकलीचा एक चमकता तुकडा पडला आणि ती राखाडी मऊ धूळ, जी या शहरात देवाच्या फोटोवर बसते तशीच मळलेल्या कणकेवरही बसते. आमच्या डिंडोलीच्या गल्लीत घराघरांत साड्यांना लेस आणि टिकल्या लावायचं काम चालतं, त्यामुळे चमक फुकट आणि भरपूर. जुना दात घासायचा ब्रश घेऊन मी एकेका बटणाच्या कडा साफ करते आहे, आणि समोर पडद्यावर अपडेट चाललंय. काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी वर सरकताहेत. मध्येच थांबतात, परत सरकतात. गिऱ्हाईक बसलेलं असतं तेव्हा त्या ओळी बघून त्याला वाटतं, बाईच्या हातून काहीतरी बिघडलं. तसं नसतं. हे मशीन काम करताना सगळं बोलून दाखवतं, एवढंच.

मी लग्नपत्रिका करते. घराच्या पुढच्या खोलीत एक काँप्युटर, एक प्रिंटर, नमुन्यांचे दोन फुगलेले अल्बम. मजकूर, अक्षरजुळणी, नमुना माझा. मोठी छपाई बाहेरच्या प्रेसमध्ये. गिऱ्हाईक सगळं आपलंच, म्हणजे खानदेशचं. नवऱ्या मुलाचे वडील इथे लूमवर, मुलीचे वडील तिकडे शहाद्याला नाहीतर पारोळ्याला, आणि पत्रिका दोन्हीकडे वाटायची. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की गल्ली रिकामी व्हायला लागते, बायका लेकरांना घेऊन माहेरी निघतात, नंदुरबारकडच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मी जात नाही. माझा हंगाम तोच असतो. गल्लीतल्या बाकीच्या बायका झोक्यावर बसतात तेव्हा मी इथे पंख्याखाली बसून ‘आमच्या मामाच्या लग्नाला नक्की या हं’ टाइप करते.

आणि दर वर्षी हा हंगाम लागला की मला तो एक उन्हाळा आठवतो, योगिताने मशिनीत विंडोजच्या जागी लिनक्स घातलं तो.

योगिता माझी धाकटी जाऊ. तेव्हा तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. काँप्युटर म्हातारा झाला होता. बटण दाबून मी पोळ्या लाटायला जायची, परत यायची तेव्हा कुठे तो उठलेला असायचा. नवं विंडोज त्याला झेपणार नाही, असं दुकानदाराने सांगितलं आणि नवा घ्या म्हणाला. दुकानदार दुसरं काय म्हणणार. जेवताना ह्यांच्याशी त्यावरच बोलणं चाललं होतं, तर वाढता वाढता योगिता म्हणाली, “ताई, फेकू नका, मी लिनक्स टाकून देते.” लोणच्यात मीठ टाकून देते, तशा आवाजात.

तिला ते यायचं. तिचा जन्मच सुरतेचा, उधन्याच्या चाळीतला. लग्नाआधी ती कापडाच्या एका पेढीच्या ऑफिसात कामाला होती, तिथे सगळी मशीनं त्याच्यावर चालायची. तिने एक पेन ड्राइव्ह आणला, माझ्या खुर्चीत बसली आणि चहा होईपर्यंत निम्मं काम उरकलं. खुर्ची माझी हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मी तिला चहा दिला आणि उभी राहिले. त्या खोलीत उभं राहायची मला सवय नव्हती.

मशीन सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. आधी आतला पंखा घरघरत असायचा, इतका की मला तो माझ्याच डोक्यात असल्यासारखा वाटायचा. तो थांबला. छतावरचा पंखा ऐकू यायला लागला, गल्लीतला शिलाई मशीनचा आवाज यायला लागला. ह्यांनी काँप्युटर बंद करून परत चालू करून बघितला, मग आणखी एकदा. मी खापरावर मांडे करते, ऊन ऊन ताटात घालते, तेव्हा हे मान वर करून बघत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “वा.” मला तो ‘वा’ अजून ऐकू येतो. मी तो नको तेव्हा काढून बघते, दाताला जीभ लावावी तसा.

मग तिने घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं केलं. ह्यांचं, भाऊजींचं, तिचं, माझं. आपलं नाव निवडायचं, आपलं कुलूप उघडायचं, आत आपली जागा. दीड खोलीच्या या घरात कोणाला कधी स्वतःचा कोपरा मिळाला नव्हता, तो तिने एका दुपारी सगळ्यांना वाटला. सासूबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, “मनी खोली कोनती शे?” माझी खोली कोणती, म्हणून. त्यांचंही खातं झालं. त्यात कीर्तनं होती आणि मागे तुळशीचा फोटो. त्या रोज दुपारी बसायच्या आणि अडलं की आतून हाक मारायच्या. माझ्या नावाने नाही. मी दारातून पुढे व्हायची तर हात हलवून म्हणायच्या, “धाकलीले बलाव, तिले समजस.”

आता किल्लीचं सांगते. लिनक्समध्ये आपल्या खोलीत आपण काहीही करावं, पण घरात नवं सामान आणायचं, काही काढायचं, भिंत हलवायची तर घराच्या मालकाचा पासवर्ड लागतो. तो योगिताजवळ होता. तिने मुद्दाम ठेवला असं नाही, घातलं तिने म्हणून राहिला तिच्याकडे. पण या घरात कपाटाच्या किल्ल्या मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून माझ्या कमरेला आहेत, आणि इथे मला साधा एक फाँट बसवायचा तर हाक मारावी लागायची. ती ओले हात पदराला पुसत यायची, वाकायची, टाइप करायची. त्या काळ्या खिडकीत पासवर्ड लिहिताना काहीसुद्धा उमटत नाही, टिंब नाही, फुली नाही. कोरी जागा आणि तिची बोटं. मी चष्मा नीट करण्याचं निमित्त करून तिच्या बोटांकडे बघायची. फार भराभर चालायची. हातात बांगड्या दोनच, त्याही वाजायच्या नाहीत.

आणि उपकार तर सारखेच. मी मराठी टायपिंगची परीक्षा दिली ती धुळ्याला, लोखंडी टाइपरायटरवर. माझ्या बोटांना अक्षरं तिथल्याच जागी सापडतात. नव्या मशीनमध्ये क च्या जागी भलतंच यायला लागलं. मी संतापून उठले, तर तिने एक अख्खी दुपार घालवून कुठून तरी जुन्या टाइपरायटरची मांडणी शोधून काढली आणि बसवून दिली. “बघा ताई, आता तुमचीच अक्षरं.” बोटं लगेच घरी गेली. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी वाटलं, माझी अक्षरं मला हिने द्यायची. जुन्या पत्रिकांच्या फायली उघडल्या तर कंस आणि चिन्हांची खिचडी. तिने जुने फाँट आणून एका फोल्डरमध्ये टाकले. त्या फोल्डरचं नाव टिंबाने सुरू होतं म्हणून ते दिसतच नाही. असं असतं म्हणे. घरात एक कप्पा आहे जो असून दिसत नाही, आणि तो तिला दिसतो.

एकदा माझी पाटलांची पत्रिका हरवली. मी शपथेवर सांगितलं की हे तुझं लिनक्स फायली खातं. ती आली, एक नजर टाकली, हसली. मी फाइलच्या इंग्रजी नावात एकदा पाटील मोठ्या पी ने लिहिलं होतं, एकदा छोट्या, आणि या मशिनीला ते दोन वेगळे पाटील. विंडोजला हा फरक कळायचा नाही, ते समजून घ्यायचं. हे घेत नाही. “चालशे ताई, होतं असं,” ती म्हणाली आणि गेली. भाजी फोडणीला टाकून आली होती. माझी फाइल आणि तिची भाजी, दोन्ही ठीक झालं.

हेवा हा शब्द फार नाजूक आहे. मला जे व्हायचं ते पित्तासारखं होतं, दुपारी चढायचं आणि जेवणावर परिणाम करायचं. ती चार पडदे ठेवायची, एकात पत्रिका, एकात भाव बघायची साइट, एकात भाऊजींच्या कामाचं काही, एकात गाणी. बोटाने सरकवायची आणि एकामागून एक खोल्या उघडल्यासारखे ते पुढे यायचे. मी एकाच पडद्यावर सगळं एकावर एक रचून ठेवायची आणि खालचं शोधत बसायची. प्रिंटर जोडला तर सीडी न घालता चालला, तेव्हाही मला आतून तो अडावा असं वाटत होतं. जाड कागद तिरका ओढला तेव्हा तेवढ्यापुरतं बरं वाटलं. तोही तिने सरळ केला.

हंगाम भरात आला आणि गिऱ्हाईकं दारातून विचारायला लागली, “छोट्या वहिनी नाहीत का?” तिने फोनवर हलणारी पत्रिका करायला सुरुवात केली होती. गणपती यायचा, फुलं पडायची, नवरा-नवरीची नावं झळकायची, मागे सनई. लोकांना ती आवडली. मला आवडली नाही आणि मी ती गुपचूप कितीदा तरी बघितली.

एका गोष्टीत मात्र ती माझ्या जवळपासही नव्हती. नावं.

ज्याने आमच्याकडची पत्रिका कधी हातात घेतली नाही त्याला हे कळणार नाही. मुहूर्त कोणी वाचत नाही, तो सगळ्यांना तोंडी माहीत असतो. लोक पत्रिका उघडतात आणि खाली भाऊबंदांच्या नावांत स्वतःचं शोधतात. ते कितवं आहे ते बघतात. वर गेलेल्यांची, कै. लावून, सगळ्यांत आधी. मग घराण्यातलं सर्वांत वडील माणूस, मग त्याचे भाऊ वयाने, मग चुलत, मग त्यांची मुलं, मग जावई, आणि अगदी तळाला चिल्लीपिल्ली. दोन चुलत भावांत कोण मोठा यावरून माझ्या या खोलीत आवाज चढले आहेत. एकाचं नाव चुकून खाली गेलं म्हणून तो लग्नाला आला नाही, बारशाला आला नाही, पुढे मयतीलाही आला नाही. मला या गल्लीतल्या किती तरी घरांची उतरंड पाठ आहे. मजकूर घ्यायला कोणी आलं की मी विचारते, “तुमचे आबा मोठे की नाना?” माझं खरं काम ते. बाकी वेलबुट्टी.

योगिताला ते कधी उमगलं नाही. उधन्यात वाढलेल्या पोरीला गावचा चुलता आणि चुलतचुलता सारखेच.

मागच्या दिवाळीनंतर भाऊजी आणि ती कामरेजला राहायला गेले. भाऊजींचं काम तिकडे, त्यांना ते सोयीचं. तिने तिकडे स्वतःचं टेबल मांडलं, पत्रिकांचंच. जाण्याच्या दिवशी चपला घालता घालता ती म्हणाली, “अरे ताई, पासवर्ड तर तुम्हाला दिलाच नाही.” आणि सांगितला. आमच्या गल्लीचं नाव होतं. नुसतं गल्लीचं नाव, सगळं छोट्या अक्षरांत. इतके दिवस मी तिची बोटं चोरून बघत होते आणि ते बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. टेम्पो वळला तसा मी तो बदलला. आता नवा फक्त मला माहीत आहे. मी तो झपाझप टाइप करते, कोऱ्या जागेत काही उमटत नाही. बघायला मागे कोणी उभं नसतं.

लिनक्स मी ठेवलं. शिकले. अपडेट करते, फाँट बसवते, प्रिंटर रुसला तर त्याची रांग रिकामी करते. लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं तरी आता घाबरत नाही. दोन पडद्यांवर काम करते, चारांची गरज मला नाही. माझं मशीन आहे आणि ते माझं ऐकतं. हे मी स्वतःला बजावते, तेव्हाच कळतं की अजून बजावावं लागतं.

चलथाणच्या नणंदबाईंच्या मुलाचं, भूषणचं, लग्न ठरलं. घरातल्या पुढच्या पिढीतलं पहिलं लग्न. पत्रिका मीच करणार हे मी गृहीत धरलं होतं, नमुनाही मनात होता. परवा त्यांना फोन केला मजकुरासाठी, तर त्या म्हणाल्या, पत्रिका योगिताकडे दिली, ती फोनवरचं हलणारं कार्डही करते ना, भूषणला तसंच पाहिजे होतं.

मी म्हणाले, बरं.

“तू काय, घरचीच आहेस,” त्या म्हणाल्या.

“आणि ती?”

“तीही घरचीच गं. पण तिचं नवीन आहे, तिला नाव व्हायला पाहिजे.”

फोन ठेवून मी डाळ निवडायला बसले. डाळीत खडा नव्हता तरी सगळी निवडली.

आणि आज, या ओळी वर सरकत असताना, फोन वाजला. योगिताने पत्रिका पाठवली होती. सोबत तिचा आवाज: “ताई, भूषणच्या आत्या, काका, सगळ्यांनी तुकड्यातुकड्यांत नावं पाठवली, अर्धी दोनदोनदा आली. मी एकत्र करून दुबार काढून टाकली. सगळी नावं आली की नाही तेवढं बघा ना. उद्या दुपारी छापायला देते.”

कीबोर्ड तसाच टेबलावर ठेवून मी पत्रिका मोठी करून बघितली. किनार सुरेख. गणपती रेषेचा, दोन रंगांत, डोळ्यांना थंड. मी केली असती त्याहून चांगली, आणि हे लिहायला मला कष्ट पडताहेत.

मग खाली नावांवर आले.

काय झालंय ते बघताक्षणी कळलं. लिनक्सच्या त्या काळ्या खिडकीत एक हुकूम आहे, तो ओळी कखगघ प्रमाणे लावतो आणि दुबार असतील त्या गाळतो. एका शब्दाचं काम. तिने सगळी नावं त्यात ओतली होती आणि निघाली तशी पत्रिकेवर घातली होती. कै. आधी आले, ते नशिबाने बरोबर. कै. नंतर चि. म्हणजे सगळी लेकरं. नुकतं चालायला लागलेलं एक नातवंड घराण्याच्या डोक्यावर जाऊन बसलं होतं. मग श्री., वय-नातं काही न बघता, जावई चुलत्याच्या वर, पुतण्या काकाच्या वर. आणि सगळ्यांच्या खाली, अगदी तळाला, ह.भ.प. लावलेले आबा, नणंदबाईंचे थोरले सासरे. ज्यांच्या पाया पडल्याशिवाय त्या घरात हळद लागत नाही ते. ह शेवटी येतो, म्हणून.

तिने विचारलं होतं, सगळी नावं आली का. सगळी आली होती. मी मोजून बघितली, एकही सुटलं नव्हतं. ‘हो, सगळी आली’ एवढं लिहिलं असतं तर त्यात खोटं काही नव्हतं. पत्रिका छापली गेली असती, चलथाणला पोचली असती, तिथून शिरपूरपर्यंत. थोरल्या सासऱ्यांनी चष्मा लावून वरून खाली येत स्वतःचं नाव शोधलं असतं. कामरेजच्या टेबलावर परत पत्रिका टाकायला खानदेशचं माणूस गेलं नसतं. सगळी माझ्या दारात आली असती. ‘हो, सगळी आली.’ मी ते लिहिलं. पाठवलं नाही. तसंच ठेवून संध्याकाळच्या भाकरी करायला उठले.

तव्यावर भाकरी फुगली, दुसरी फुगली. हे आले, फोन बघून म्हणाले, “योगिताचं कार्ड आलं का? कसं झालंय?”

“चांगलं झालंय,” मी म्हणाले. तेही खरंच होतं.

ह्यांनी पत्रिका उघडली, गणपती बघितला आणि म्हणाले, “वा.” नावांपर्यंत गेले नाहीत. पुरुषांना स्वतःचं नाव सापडलं की पुढे कष्ट नसतात, आणि यांना तर ते शोधायचंही नव्हतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. त्या क्षणी मला राग आला तो तिच्यापेक्षा या ‘वा’चा. चूक त्यांना दिसत नव्हती, तिला दिसत नव्हती, मशिनीला तर ती चूकच नव्हती; मशीन सांगितलं ते करून मोकळं झालं होतं. दिसत होती ती एकट्या मला. माझ्यापाशी एकच गोष्ट होती जी तिला येत नाही, आणि ती मी गप्प बसून वापरली तर कोणालाच कळणार नव्हतं की ती मला येते.

पाठवायचं राहिलेलं मी पुसून टाकलं. उद्या सकाळी सांगते, एवढं लिहिलं. कीबोर्डाची बटणं पुसायची राहिली होती, ती पुसली.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी चहाच्या आधी मी तिला फोन केला.

“नावं सगळी आलीत. क्रम चुकलाय.”

“क्रम? ताई, मी तर कक्कोप्रमाणे लावलीत, क ख ग घ.”

“म्हणूनच. भूषणचे थोरले आजोबा तळाला आहेत, शेंबडं पोर त्यांच्या वर.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग ती म्हणाली, “बापरे. ताई, मग क्रम कसा लावायचा? वयाने? त्यासाठी प्रत्येकाचं वय भरावं लागेल.”

“वयाने नाही, नात्याने. नातं तुझ्या त्या खिडकीत भरता येत नाही. फाइल पाठव. छापायचं थांबव.”

तिने लगेच पाठवली. मी मशीन लावलं, पासवर्ड टाकला आणि धुळ्याच्या मांडणीत, एकेक ओळ उचलून जागेवर ठेवायला बसले. आबा वर, त्यांच्याखाली तात्या, मग दोघे अण्णा, त्यातला मळ्यातला आधी. एका जागी अडले तर आतल्या खोलीत जाऊन सासूबाईंना विचारलं. त्यांनी योगिताला बोलवायला सांगितलं नाही. जावई खाली आले, लेकरं तळाला गेली. ऊन दारात येईपर्यंत घराणं जाग्यावर बसलं.

पत्रिकेच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, योगिताच्या टेबलाचं नाव आणि कामरेज लिहिलेलं होतं. मी त्याच्या वर एक ओळ वाढवली आणि माझं नाव घातलं, डिंडोली. तिचं खाली राहू दिलं. तिच्या ओळीची अक्षरं एका आकड्याने लहान करायला हात गेला होता. केली, बघितली, परत होती तेवढी केली, आणि फाइल पाठवून दिली.